गेय शब्द आणि श्रद्धेची घडण : मराठी ख्रिस्ती उपासनागीतांच्या भाषेचा विचार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास आपल्याकडे प्रामुख्याने वाङ्मयेतिहासाच्या अंगाने झालेला आहे. अ. का. प्रियोळकर, गंगाधर मोरजे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ग्रंथ, कर्ते, मुद्रणाचा इतिहास आणि भाषिक विशेष यांची नोंद करून ठेवली, आणि ती पायाभूत आहे यात शंका नाही. परंतु या वाङ्मयाचा सर्वांत जिवंत भाग, म्हणजे देवळात आणि घरी गायिली जाणारी गीते, अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिला. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आपल्या क्रमिक पुस्तकांत 'फुलामुलांचे कवी' म्हणून आले आणि तेथेच थांबले. 'उपासना संगीत' या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात ज्यांच्या रचना शंभराहून कितीतरी अधिक आहेत, आणि ज्यांचे शब्द पिढ्यान्‌पिढ्या रविवारी हजारो मुखांनी उच्चारले जात आहेत, त्या टिळकांना पदव्युत्तर वर्गात क्वचितच कोणी भेटते. एखाद्या कवीचे शब्द लोक पाठ म्हणतात आणि त्या शब्दांनीच देवाशी बोलतात, याहून मोठी वाङ्मयीन घटना कोणती असू शकेल?

प्रस्तुत लेखात टिळकांच्या काव्यगुणांचे विवेचन करावयाचे नाही. प्रश्न वेगळा आहे. उपासनेत गायिले जाणारे शब्द श्रद्धा केवळ व्यक्त करतात की ती घडवितात? घडवीत असतील, तर मराठीतील अभंग-ओवीच्या शब्दांनी मराठी माणसाची ख्रिस्तावरील श्रद्धा कोणत्या प्रकारे घडविली, आणि घडविताना तिच्यातून काय गाळले?

ख्रिस्ती जगाला हा प्रश्न नवा नाही. पाचव्या शतकात आक्विटेनच्या प्रॉस्परने मांडलेला विचार पुढे 'लेक्स ओरांदी, लेक्स क्रेदेंदी' या लॅटिन सूत्राने प्रसिद्ध झाला. प्रार्थनेचा जो नियम तोच श्रद्धेचा नियम, असा त्याचा आशय आहे. त्यापूर्वी, चौथ्या शतकात, आरियसने आपले वादग्रस्त मत 'थालिया' नावाच्या पद्यरचनेतून पसरविले. खलाशी आणि दळणारे यांच्यासाठीही त्याने गाणी रचली होती, असे जुने इतिहासकार सांगतात. त्याला उत्तर देणाऱ्या पक्षानेही गीतांचाच आश्रय केला. इ. स. ३८६ मध्ये मिलान येथे अँब्रोजने कोंडलेल्या मंडळीकडून स्तोत्रे गाऊन घेतली ती याच संघर्षात. धर्मसभा काय ठरवितात ते थोड्यांना कळते, पण गाणे सर्वांच्या तोंडी बसते, हे दोन्ही पक्षांनी ओळखले होते. आपल्याकडे हे सांगण्यासाठी मिलानपर्यंत जाण्याची गरज नाही. वारकऱ्याला अद्वैत 'अमृतानुभवा'तून कळत नाही, हरिपाठातून कळते.

ओवी सांगते, अभंग हाक मारतो

मराठी ख्रिस्ती काव्याचा आरंभ ओवीने झाला. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, आणि त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ धर्मांतरित लोकांच्या हाती जुन्या पुराणांच्या जागी द्यावयास काहीतरी हवे या गरजेतून निर्माण झाला. तो वाचण्यापेक्षा गाण्यासाठी होता. गोव्यातील आणि पुढे मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांत त्याचे गायन विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चालत आल्याचे सांगितले जाते. स्टीफन्सांची शब्दनिवड निर्भय आहे. स्वर्गासाठी ते 'वैकुंठ' हा शब्द बिनदिक्कत योजतात. पवित्र आत्म्यासाठी मात्र युरोपीय मूळ शब्दच ठेवतात. कोणत्या कल्पनेला मराठीत घर आहे आणि कोणतीला नाही, याविषयीचा त्यांचा निर्णयच या दोन निवडींत दिसतो.

ओवीचा स्वभाव येथे लक्षात घेतला पाहिजे. ओवीचे चरण लांबीला सैल असतात. तिच्यात कथा सांगता येते, शंका विचारता येते, उत्तर देता येते, दीर्घ संज्ञा सामावता येतात. ज्ञानेश्वरांनी तत्त्वज्ञान ओवीत सांगितले ते याच कारणाने. आपल्या वऱ्हाडातही हाच भेद दिसतो. तुकडोजी महाराजांना (१९०९–१९६८) गावाला व्यवस्था शिकवायची होती तेव्हा त्यांनी 'ग्रामगीता' ओवीत लिहिली, आणि श्रोत्यांना हलवायचे होते तेव्हा खंजिरीवरचे भजन घेतले. त्याआधी कित्येक शतके रिद्धपुरात महदंबेने धवळे रचले तेही कथेचे, कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे गीत म्हणून. सांगण्याचे गीत निराळे आणि हाक मारण्याचे निराळे.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांचे काम मराठी मुलखात सुरू झाले तेव्हा उपासनेसाठी पहिल्यांदा आली ती इंग्रजी गीतांची भाषांतरे, इंग्रजी चालींसह. त्यांची अडचण केवळ परकेपणाची नव्हती, छंदशास्त्राचीही होती. इंग्रजी पद्य आघातावर चालते. मराठीत तसा आघात नाही. बोलताना आपण 'तारण' या शब्दातील अंत्य स्वर गिळतो. आयात केलेल्या चालीत नेमका तोच स्वर लांबवावा लागतो, आणि जोराचा ठेका भलत्याच अक्षरावर पडतो. चरण भरून काढण्यासाठी भाषांतरकाराला 'तो', 'हा', 'रे', 'खचित' अशी भरताड घालावी लागते. गाणाऱ्याला अर्थ समजतो, परंतु शब्द आपला वाटत नाही. अहमदनगरच्या परिसरात कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी देशी पदे आणि ख्रिस्ती कीर्तन यांचा मार्ग धरला तो या अडचणीवरचा पहिला उपाय होता.

टिळकांनी त्याच्याही पुढे जाऊन अभंग स्वीकारला. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, हे सर्वश्रुत आहे. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची स्वतःविषयीची धारणा होती. हा पूल ओलांडून ते पलीकडे गेले, पण पूल मोडला नाही. उलट मागून येणाऱ्यांनी त्याच वाटेने यावे म्हणून तो रुंद केला.

आता अभंगाचे गणित पाहू. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक जुळते. सहा अक्षरांच्या या खोलीत कोणते ख्रिस्ती शब्द सुखाने राहू शकतात? 'प्रभू', 'कृपा', 'भाव', 'दास', 'सखा' हे दोन अक्षरांचे. 'माउली', 'चरण' तीन अक्षरांचे. त्यांच्याभोवती क्रियापदाला, संबोधनाला जागा उरते. आता धर्मसिद्धांताचे शब्द घ्या. 'प्रायश्चित्त' चार अक्षरे, 'पुनरुत्थान' पाच, 'पवित्र आत्मा' पाच, 'शुभवर्तमान' सहा. शेवटच्या शब्दाने अख्खा चरण व्यापला आणि त्याचे काय झाले हे सांगायला एक अक्षरही उरले नाही. प्रॉटेस्टंट ईश्वरविज्ञानाचा कणा समजला जाणारा 'नीतिमान ठरणे' हा प्रयोग सात अक्षरांचा आहे. तो खोलीच्या दारातच अडतो.

केवळ अक्षरसंख्येने सर्व उलगडा होतो असे मला म्हणावयाचे नाही. 'पतितपावन' हाही सहा अक्षरांचाच शब्द आहे, आणि तो अभंगात शतकानुशतके नांदतो आहे. भेद असा की 'पतितपावन' ही हाक आहे. तिला क्रियापदाची गरज नाही. ती उच्चारली की चरण पुरा आणि अर्थही पुरा. 'शुभवर्तमान' हे विधानाचे बीज आहे, पुढे वाक्य आल्याशिवाय ते उगवत नाही. अभंग हा मुळात संबोधनाचा छंद आहे. त्यात देवाविषयी बोलणे कमी आणि देवाशी बोलणे अधिक. सबब ख्रिस्ती श्रद्धेतील जे जे संबोधनात उतरू शकले ते अभंगातून मराठी मनात गेले, आणि जे केवळ विधानात मावत होते ते प्रश्नोत्तरावलीत राहिले. टिळकांनी पुढे ख्रिस्तचरित्र सांगावयास घेतले तेव्हा ते स्वतः ओवीकडे वळले. 'ख्रिस्तायन' त्यांच्या हातून अपुरे राहिले आणि इंग्रजी न जाणणाऱ्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले, ही गोष्ट या दृष्टीने फार बोलकी आहे.

माउली, पतितपावन, तारण, खंडणी

शब्द उसना घेतला की त्याचे पूर्वसंस्कारही घरात येतात. मराठी ख्रिस्ती गीतांत ते कसे आले याची काही उदाहरणे घेऊ.

ख्रिस्तासाठी टिळक 'गुरू' आणि 'माउली' ही दोन्ही संबोधने योजतात. विठ्ठलाला आई म्हणणाऱ्या भाषेला यात काहीच वावगे वाटत नाही. पुरुषदेवतेला स्त्रीलिंगी नामाने हाक मारणे हा वारकरी भाषेचा नित्याचा व्यवहार आहे. इंग्रजीत मात्र ही दोन नामे एकत्र बांधायला अनुवादकाला जोडरेघ ओढावी लागली. पण प्रश्न शैलीपुरता नाही. ख्रिस्ती सिद्धांतात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही त्रयी आहे, आणि वात्सल्याचे स्थान पित्याकडे आहे. मराठी गीतात पुत्रच माउली झाला. आईपाशी रुसता येते, हट्ट करता येतो, अपराध करून पुन्हा पदरात शिरता येते. परिणामी गाणारा भक्त आपले सर्व बोलणे ख्रिस्ताशीच करतो, आणि पिता काहीसा दूर, न्यायासनाकडे सरकतो. त्रैक्याची ही पुनर्मांडणी कोणत्याही परिषदेने केली नाही, एका शब्दाने केली. वऱ्हाडापुरते आणखी एक सांगितले पाहिजे. आपल्याकडे घरातला शब्द 'माय' आहे. 'माउली' हा शब्द येथे पंढरीच्या वाटेने, ग्रंथातून आणि दिंडीतून आलेला. त्यामुळे वऱ्हाडी गाणाऱ्याच्या तोंडी त्यात जिव्हाळ्याइतकाच आदरही असतो.

'पतितपावन' या शब्दाची गुंतागुंत अधिक खोल आहे. संतांच्या दृष्टीने पतितांना पावन करणे हे देवाचे ब्रीद आहे, म्हणजे त्याचा स्वभाव. देवाने ब्रीद सोडले तर तो देव कसला, असा भांडणाचा अधिकार भक्ताला याच शब्दाने मिळतो. ख्रिस्ती सिद्धांतात पापक्षमा ही स्वभावाइतकीच घटना आहे. ती इतिहासात, एका विशिष्ट दिवशी, वधस्तंभावर घडली आणि तिची किंमत मोजली गेली. क्षमा ब्रीदाच्या भाषेत आली की तिच्यातील घटना फिकी होते आणि स्वभाव गडद होतो. हे नुकसान आहे की लाभ? जुने मिशनरी याला नुकसान म्हणाले असते. मला वाटते, टिळकांनी हे जाणून केले. देव क्षमा करतो कारण तो तसाच आहे, ही समजूत ज्याच्या अंगी मुरली आहे त्याला वधस्तंभ हा व्यवहार न वाटता त्या स्वभावाचा परमोच्च आविष्कार वाटतो. मराठी ख्रिस्ती भक्तीतील आर्तता याच जागेतून आली आहे.

'तारण' या शब्दाचा प्रवास याहून निराळा. भाषांतरकारांपुढे 'मोक्ष' आणि 'मुक्ती' हे सिद्ध शब्द होते, परंतु ते जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याशी बांधलेले. म्हणून 'तारणे' या धातूचा आश्रय घेतला गेला. त्याने पुनर्जन्म टळला, पण भवसागर टळला नाही. तारणाऱ्याबरोबर नौका आणि पैलतीर आलेच. शिवाय मराठीत 'तारण' याला दुसरा अर्थ आहे, सावकारीचा. दागिना तारण ठेवणे, शेत तारण ठेवणे हे शब्द शेतकऱ्याच्या घरात रोजचे. गहाण पडलेली वस्तू सोडवून आणणे ही प्रतिमा बायबलमधील मुक्तीच्या कल्पनेला फार जवळची आहे, आणि कापसाच्या मुलखात ती सांगावी लागत नाही. तरीही गीतकारांनी हा अर्थ जवळजवळ वापरलेलाच नाही. संतपरंपरेतून आलेला समुद्र त्यांनी घेतला आणि बाजारातली वही टाकून दिली. तुकारामाने स्वतः इंद्रायणीत वह्या टाकल्या हे खरे, पण देवाला हिशेब विचारणारी सावकारी भाषा त्याने सोडली नव्हती. ख्रिस्ती अभंगाने तुकारामाचा मवाळ अर्धा भाग अधिक घेतला, असे म्हणणे भाग आहे.

'खंडणी' या शब्दाचे भाग्य तर अगदीच खोटे. नव्या कराराच्या मराठी भाषांतरात ख्रिस्ताच्या मरणाचा अर्थ सांगताना हा शब्द आलेला आहे. तो तीन अक्षरांचा आहे, यमकाला सोपा आहे, छंदाची कसलीच अडचण नाही. पण मराठी कानाला खंडणी म्हटले की स्वारी, लूट आणि धाकदपटशा आठवतो. माझ्या वाचनात गीतांतून तो अभावानेच आढळला. सिद्धांताच्या केंद्रस्थानी असलेला शब्द उपासकांच्या जिभेने नाकारला, आणि त्याच्या जागी 'कृपा' आली.

रमाबाईंचा आक्षेप

भक्तिपरंपरेचे शब्द घेणे सर्वांना मान्य नव्हते, आणि या विरोधाचा सर्वांत समर्थ आवाज पंडिता रमाबाईंचा (१८५८–१९२२) होता. केडगाव येथे त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीक अभ्यासून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल असे साधे मराठी हवे, हा त्यांचा आग्रह होता. त्याच्या जोडीला, हिंदू उपासना आणि तत्त्वज्ञान यांच्याशी निगडित असलेले संस्कृत शब्द शक्य तेथे टाळावेत, असाही. संस्कृत पुराणे पाठ असलेल्या, पुराणिकाच्या घरी वाढलेल्या विदुषीने हे म्हणावे याला अर्थ आहे. शब्दांच्या संस्कारांची शक्ती तिला आपल्या बहुतेक टीकाकारांपेक्षा अधिक ठाऊक होती. जो शब्द स्त्रीच्या दास्याचे समर्थन करताना तिने ऐकला, तोच देवासाठी वापरावयास ती कशी धजेल?

टिळक आणि रमाबाई दोघेही चित्पावन कुळांतले, दोघेही संस्कृतज्ञ, दोघेही धर्मांतरित. आणि शब्दाच्या प्रश्नावर दोघे परस्परविरुद्ध टोकांना. एकाला वाटले, शब्द नव्या देवापुढे उभा केला की शब्दच बाप्तिस्मा घेतो. दुसरीला वाटले, शब्द आपला जुना देव सोडत नाही. लोकांच्या व्यवहारात टिळक जिंकले. रमाबाईंचे भाषांतर अभ्यासकांपुरते उरले, टिळकांचे अभंग मंडळ्यांनी गायिले. परंतु गायिले गेले म्हणून टिळकांचा पक्ष खरा ठरतो, असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट रमाबाईंच्या स्वतःच्या संस्थेचे नाव 'मुक्ती' आहे. ज्या भाषेतून सुटायचे तिच्याच एका शब्दाचा आधार त्यांनाही घ्यावा लागला. परमेश्वराच्या नामाचेही तसेच. मराठी बायबलमध्ये 'देव' हा सामान्य शब्द आणि 'परमेश्वर' हा इस्राएलाच्या देवाच्या नामासाठी, अशी वाटणी रूढ झाली आहे. रिद्धपूरच्या महानुभावांनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ मानून देवता आणि परमेश्वर यांत असाच काटेकोर भेद तेराव्या शतकात केला होता. भाषांतरकारांना हे ठाऊक असो वा नसो, मराठीत एकेश्वरी शब्दाची जागा आधीच खणलेली होती.

'दास' कोणाचा?

या सर्व विवेचनातला सर्वांत अवघड शब्द 'दास' हा आहे. मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार, मांग आदी जातींतून आला. वऱ्हाडात अमेरिकन अलायन्स मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला केंद्र धरून काम उभारले, तिकडे यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट मिशन होते. १८९६ ते १९०० या काळातील दोन भीषण दुष्काळांत अनाथ झालेली मुले या मिशनांच्या आश्रयाला आली. आईबाप गमावलेल्या मुलाने ख्रिस्ताला माउली म्हणणे वेगळे आणि घराण्याचा अभिमान टाकून आलेल्या कवीने म्हणणे वेगळे. एकाच ओळीत दोघे दोन निरनिराळ्या गोष्टी गातात.

तीच गोष्ट 'दास', 'चरण', 'पायधूळ' या शब्दांची. उच्चवर्णीय कवी जेव्हा स्वतःला दास म्हणवितो तेव्हा तो काहीतरी खाली ठेवतो. त्या शब्दात त्याग आहे. ज्याला गावाने आधीच दास ठरविले आहे त्याने तोच शब्द म्हटला तर त्याने काय खाली ठेवले? चोखोबांच्या अभंगांतील वेदना या प्रश्नातूनच जन्मते. ख्रिस्ती गीतांनी या भेदाची दखल घेतली नाही, हे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. त्यांचा 'मी' सर्वांसाठी एकच आहे. याची दुसरी बाजूही आहे. देवळात सर्व जण तोच शब्द एकत्र म्हणतात, गोरा मिशनरीही म्हणतो. आणि जो शब्द सर्वांनाच लागू होतो तो कोणा एकाचा कलंक राहत नाही. दुष्काळाच्या पिढीला हे समाधान पुरले असावे.

पुढच्या पिढ्यांपुढे मात्र दुसरे उदाहरण उभे राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतर केले आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञांचे व्याकरण पाहावे. त्यांत 'मी' कर्ता आहे; तो मानणार नाही, करणार नाही, पाळीन असे म्हणतो. अभंगातील 'मी' बहुधा कृपेचा विषय असतो. तो उचलला जातो, धुतला जातो, तारला जातो. वऱ्हाडातील अनेक गावांत एकाच मूळ कुळाच्या दोन शाखा, एक ख्रिस्ती आणि एक बौद्ध, शेजारीशेजारी राहतात. एका घरात वामनदादा कर्डकांच्या परंपरेतील भीमगीत ऐकू येते आणि दुसऱ्या घरात ख्रिस्ती अभंग. आर्थिक स्थिती तीच, बोली तीच. तरी 'मी' या सर्वनामाचे वजन दोन घरांत निराळे. धर्मभेदाचे याहून सूक्ष्म मोजमाप मला तरी ठाऊक नाही.

टिळकांना या प्रश्नाची जाणीव मुळीच नव्हती असे नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याहून 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सर्व ख्रिस्तभक्त एकत्र यावेत असा तिचा उद्देश होता. 'देवाचे राज्य' या बायबलातील संज्ञेऐवजी 'दरबार' हा शब्द निवडण्यात दास्याची भाषा किंचित बदललेली दिसते. राज्यात प्रजा असते, दरबारात माणसाला उभे राहून गाऱ्हाणे मांडता येते. दोनच वर्षांत टिळक वारले आणि या शब्दाला गीतांत मुरायला वेळ मिळाला नाही.

आजचे गाणे

अलीकडच्या तीन-चार दशकांत उपासनेचे गाणे पुन्हा बदलले आहे. कीबोर्ड आणि ड्रम आले, भाषांतरित छोटी गीते आली, आणि वऱ्हाडात हिंदी गीतांचे प्रमाण वाढले. १८५३ पर्यंत निजामाच्या प्रत्यक्ष अमलाखाली असलेल्या या प्रांताला हिंदी-उर्दू परकी कधीच नव्हती, त्यामुळे 'खुदावंद' आणि 'मसीह' हे शब्द अकोल्यात कोणाला अडत नाहीत. नव्या गीतांत 'आराधना', 'स्तुती', 'सामर्थ्य', 'विजय', 'योग्य', 'राजा' हे शब्द वारंवार येतात. यांतील 'योग्य' हा शब्द तर मराठी भक्तिगीतांत देवासाठी रूढ नव्हता. देव योग्य आहे म्हणजे कशाला योग्य, असा प्रश्न मराठी कानाला पडतो. ओळी पुनःपुन्हा म्हटल्या जातात यावर जुन्या मंडळींचा राग असतो. तो मला पटत नाही. ज्या शहरात जठारपेठेसारख्या वस्तीतून संध्याकाळी नामस्मरणाचे सूर ऐकू येतात तेथे पुनरुक्तीला दोष देणे विचित्रच. खरा फरक अन्यत्र आहे. अभंगातील भक्त देवापुढे रिकाम्या हातांनी येतो, कधी भांडतो, कधी गप्प बसतो. नव्या गीतातील उपासक आधीच जिंकलेला असतो. अपयश, शंका, देवाचे मौन यांसाठी त्यात शब्दच नाहीत; आणि नापिकीच्या, कर्जाच्या वर्षी विदर्भातल्या माणसाला नेमके तेच शब्द लागतात.

जुन्या भाषांतरित गीतांविषयी शेवटी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. छंदाच्या दृष्टीने ती अवघडलेली आहेत हे वर म्हटलेच आहे. तरीही ती 'उपासना संगीता'तून गळाली नाहीत. नाताळ, पुनरुत्थानाचा सण, प्रभुभोजन आणि विशेषतः दफनविधी अशा प्रसंगी मंडळी आजही त्यांच्याकडे वळते. अभंगाच्या सहा अक्षरांत न मावलेले 'पुनरुत्थान' या लांब, परक्या चालीच्या ओळींत मावले. ख्रिस्ताचे पुन्हा येणे, मृतांचे उठणे, मंडळीचे एकत्व हा सारा विधानरूप ऐवज या गीतांनी सांभाळून ठेवला आहे. रोजच्या सकाळ-संध्याकाळी अभंग म्हणणारे घर मरणाच्या दिवशी भाषांतर गाते. त्या वेळी ठेका चुकीच्या अक्षरावर पडला तरी कोणाचे लक्ष जात नाही.